रुग्ण हाती सोपवण्याआधी

पहाटे पाचचा टीपीआर. म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. रात्रपाळीच्या विद्यार्थिनीने प्रत्येक खाटेजवळ जायचं, थर्मामीटर लावायचा, मनगट धरून सेकंदकाट्याकडे बघत ठोके मोजायचे, छातीची वरखाली मोजायची आणि चार्टवर लिहायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका मेडिसिन वॉर्डात राऊंडच्या आधी मी असे चार्ट चाळत होते. अठरा खाटा. नाडी ७८, ८०, ७८, ८०. श्वास सगळ्यांचा २०. ताप सगळ्यांचा ९८.४. नऊ नंबरच्या आजींचं मनगट हातात घेतलं तर ठोके ११२, तेही एकसारखे नाहीत. अंग गरम.

मुलगी तिसऱ्या वर्षाची, वर्गात दुसरी येणारी. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अशी उत्तरं द्यायची की बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम आमच्याकडे कौतुकाने बघायच्या. इंजेक्शनचा हात हलका. तिला नाडी मोजता येत नव्हती असं नाही. तिने ती मोजलीच नव्हती.

महिनाअखेरीस तिचं लॉगबुक, म्हणजे वॉर्डातल्या कामाची नोंदवही, माझ्यासमोर आलं. मी 'समाधानकारक' असं लिहून सही केली.

नर्सिंगच्या मुलामुलींना वॉर्डात शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. या काळात जो प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो त्या सहीचा आहे. शिकणारा विद्यार्थी उद्या रुग्णाच्या जवळ एकटा जायला लायक झाला आहे, हे ठरवायचं कशावरून, कोणी आणि कधी? परीक्षा पास होणं वेगळं आणि कामाला लायक असणं वेगळं, हे कोणीही मान्य करेल. पहिली गोष्ट मोजायला प्रश्नपत्रिका आहेत. दुसरी मोजायची रीत फार कमी जणांना ठाऊक असते, आणि ज्यांच्या लेकीसुना, मुलं या अभ्यासक्रमांना आहेत त्या पालकांना तर ती कोणी सांगतच नाही.

आपल्या नाशिकला हा विषय परका नाही. म्हसरूळला दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झालं आणि राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या तिथून निघतात. गडचिरोलीतल्या मुलीची आणि मुंबईतल्या मुलाची उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासली जावी म्हणून तिथे मोठी यंत्रणा राबते. पण कुठल्याही विद्यापीठाची यंत्रणा वॉर्डातल्या पहाटे पाचपर्यंत पोहोचत नाही. तिथे असतात इनचार्ज सिस्टर, असली तर एखादी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात शिकवणारी शिक्षिका, आणि लॉगबुक.

आधी एक सोपी शिडी समजून घेऊ. जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये ती मांडली. तिला चार पायऱ्या आहेत: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो.

रक्त चढवण्याचं उदाहरण घ्या. रक्तगट कोणते, कोणाला कोणतं चालतं, हे पाठ असणं ही पहिली पायरी. 'रक्त सुरू करून दहा मिनिटं झाली आणि रुग्णाला थंडी वाजून आली, काय कराल?' याचं नीट उत्तर देणं ही दुसरी: रक्त लगेच थांबवायचं, शीर सलाईनवर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचं, पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवायची. स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर, परीक्षकासमोर, पिशवीचा नंबर, गट, मुदत आणि रुग्णाचं नाव मोठ्याने वाचून ताडून दाखवणं ही तिसरी. आणि चौथी? रात्रीचे दोन वाजलेत, वॉर्डात दोन पिशव्या आल्यात, दुसरी सिस्टर ऑक्सिजनच्या पेशंटपाशी अडकली आहे. अशा वेळी ही मुलगी ताडून बघायला दुसऱ्या माणसाची वाट पाहते की 'बरोबरच असणार' म्हणून लावून टाकते? रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाटेपाशी थांबते की निघून जाते?

लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्या चांगल्या तपासतो. प्रात्यक्षिक तिसरी तपासतं. रुग्णाचा जीव असतो चौथीवर.

हे पश्चिमेकडून आलेलं नवं ज्ञान आहे, असं मात्र समजू नका. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय याच विषयाचा आहे. शिष्याने सगळं शास्त्र शिकलं असलं तरी त्याच्याकडून 'योग्या' करवून घ्यावी, असं तिथे सांगितलंय. योग्या म्हणजे सराव. चिरण्या-कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडीवर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. आणि मग स्पष्ट वाक्य येतं: पुष्कळ ऐकलेलं असूनही ज्याने योग्या केली नाही, तो कर्माला अयोग्य. आपण रोज वापरतो तो 'योग्यता' शब्द या 'योग्या'च्या किती जवळचा आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ते वर्गात फळ्यावर लिहिलं होतं.

एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ च्या बॅचपासून याच शिडीवर बांधलाय. प्रत्येक कौशल्यासमोर लिहिलेलं असतं की विद्यार्थ्याला ते नुसतं माहीत असायला हवं, करून दाखवता यायला हवं, की स्वतंत्रपणे करता यायला हवं. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी वेगळा भागही आहे. मुलं त्याला 'एटकॉम' म्हणतात. नर्सिंगचा बीएस्सीचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये सुधारला आणि सेमिस्टर पद्धत आली. पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीची, १०० टक्के हजेरी भरलेली हवी, हा नर्सिंगमधला नियम. नियम चांगला आहे. पण हजेरी सांगते मुलगी वॉर्डात होती. वॉर्डात असताना ती काय करत होती, ते हजेरीत येत नाही.

आता तपासण्याच्या रीती बघू.

तिसऱ्या पायरीसाठी जगभर वापरतात ती परीक्षा म्हणजे ऑस्की. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ मध्ये मांडली. त्याआधीची पद्धत आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना, सिस्टरना चांगली आठवत असेल: एक पेशंट वाट्याला यायचा, एक परीक्षक. पेशंट गप्पिष्ट निघाला आणि परीक्षक प्रेमळ निघाले तर तुम्ही हुशार. पेशंटला ऐकू कमी येत असेल आणि परीक्षकांना घरी जायची घाई असेल तर तुमचं नशीब. हार्डन यांनी नशिबाचा भाग कमी केला. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक छोटं काम: इथे बीपी घ्या, इथे जखमेचं ड्रेसिंग करा, इथे मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन कसं टोचायचं ते समजावून सांगा. चारपाच मिनिटांनी बेल वाजते, पुढच्या टेबलावर जायचं. सगळ्यांना तीच कामं, तीच गुणयादी, आणि प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक.

यात न्याय पुष्कळ आहे. तरीही ऑस्की हे शेवटी दाखवणं आहे. त्या दिवशी मुली कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून येतात, पुतळ्यालासुद्धा 'नमस्कार, मी तुमची सिस्टर' म्हणतात, हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या करतात. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्याच हातांकडे बघा.

म्हणून चौथ्या पायरीसाठी कामाच्या जागीच बघावं लागतं. शिकवणारीने पंधरावीस मिनिटं विद्यार्थिनीच्या बाजूला उभं राहायचं, ती एका खऱ्या रुग्णाला सलाईन लावते, औषध देते, नातेवाइकांशी बोलते ते मध्ये न पडता बघायचं, आणि लगेच तिथल्या तिथे सांगायचं: हे छान झालं, हे चुकलं, पुढच्या वेळी असं कर. सांगितलेलं दोन ओळींत लिहून ठेवायचं. याला मोठी नावं आहेत, फॉर्म आहेत. मूळ गोष्ट एवढीच: बघा, बोला, लिहा.

आणि हे एकदा करून भागत नाही. आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ते खरं आहे, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचं काम तसं शिजत नाही. तीच मुलगी बाळंतिणीच्या वॉर्डात मायेने वागते आणि दारू सोडवायला दाखल झालेल्या माणसाशी तुसडेपणाने. सलाईन लावण्यात पक्की असलेली औषधाच्या मात्रेचं गणित मांडताना गडबडते. वैद्यकीय शिक्षणावरच्या संशोधनात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आलीय: एका केसमधली कामगिरी बघून दुसऱ्या केसमधली सांगता येत नाही. त्यामुळे एका निरीक्षणावर निर्णय घेऊ नये. वेगवेगळ्या वॉर्डांतली, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी केलेली दहाबारा छोटी निरीक्षणं एकत्र ठेवली की मग त्या मुलीचा चेहरा स्पष्ट दिसायला लागतो.

हे अजून उपयोगी करायचं तर प्रश्नच बदलावा लागतो. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या ओले टेन काटे यांनी २००५ पासून तो बदल मांडलाय. 'किती गुण द्यायचे?' हे विचारण्याऐवजी 'हे काम मी हिच्यावर सोपवू का?' असं विचारायचं. उत्तराच्या पाच पातळ्या: नुसतं बघू दे, मी शेजारी उभी असताना करू दे, मी हाकेच्या अंतरावर असताना करू दे, एकटीला करू दे, हिने आता दुसऱ्याला शिकवावं.

दिंडोरी, निफाडकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ऑक्टोबर छाटणीला नवा माणूस आला की त्याच्या हाती कात्री देऊन कोणी अख्खा प्लॉट मोकळा सोडत नाही. आधी बरोबर फिरवतात, मग एक ओळ देतात, संध्याकाळी ती ओळ स्वतः बघतात. काडी कुठे कापली यावर वर्षभराचा माल ठरतो. तिथे आपण कात्री देण्याआधी इतका विचार करतो.

इथपर्यंत कौशल्याची गोष्ट झाली. पहाटेच्या चार्टवाल्या त्या विद्यार्थिनीत मात्र कौशल्याची कमतरता नव्हतीच, आणि लायकीचा सगळ्यात अवघड भाग इथून सुरू होतो. वागणूक. खरेपणा. चूक झाली तर सांगणं. न येणारी गोष्ट 'येत नाही' म्हणणं. रुग्णाची घरची गोष्ट बाहेर न बोलणं. वेळेवर येणं. कोणी समजावलं तर ऐकून घेणं.

हे 'स्वभावाचे' मुद्दे म्हणून बाजूला ठेवायची आपली जुनी सवय आहे. लहान आहे, सुधारेल. अमेरिकेतल्या मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्यावर राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी पुढे शिस्तभंगाची कारवाई केली असे २३५ डॉक्टर त्यांनी घेतले, त्याच तीन कॉलेजांतून शिकलेले पण कारवाई न झालेले ४६९ डॉक्टर घेतले, आणि सगळ्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी काढल्या. कारवाई झालेल्यांमध्ये विद्यार्थी असतानाच गैरवर्तनाची नोंद असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. सगळ्यात घट्ट संबंध दोन गोष्टींशी दिसला: टोकाचा बेजबाबदारपणा आणि स्वतःत सुधारणा करण्याची फारच कमी तयारी. कमी गुणांचाही थोडा संबंध होता, पण वागणुकीचा जास्त.

हा अभ्यास नीट वाचायला हवा. विद्यार्थी म्हणून एकदा चुकलेला माणूस पुढे वाईट डॉक्टर होतोच, असं त्यातून निघत नाही. नोंद असलेल्या बहुतेकांवर पुढे काहीच कारवाई होत नाही, कारण अशा कारवायाच मुळात थोड्या असतात. निघतं ते एवढंच की ही लक्षणं आधी दिसतात, आणि दिसतात तेव्हा त्यांच्यावर काम करता येतं. विशेषतः दुसरं लक्षण बघा. चूक सगळ्यांकडून होते. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, त्यावर मी तरी आता सगळ्यात जास्त लक्ष ठेवते. 'सॉरी मॅडम' लगेच येतं. मी त्यानंतरचा आठवडा बघते.

मग मी सही का केली?

ब्रिटनमध्ये कॅथलीन डफी यांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवणाऱ्यांशी बोलून २००३ मध्ये एक अहवाल लिहिला. त्याचा विषयच हा होता की शंका असूनही शिकवणारे विद्यार्थ्याला नापास का करत नाहीत. कारणं वाचताना मला वाटलं, ही बाई आमच्याच स्टाफरूममध्ये बसून गेली की काय. शंका फार उशिरा लक्षात येते. लक्षात आली तरी लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे शेवटी हातात पुरावा नसतो. आता तिसरं वर्ष आहे, इतके दिवस कोणी काही बोललं नाही, मीच का वाईट व्हायचं? विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती डोळ्यांसमोर येते. पुढच्या पोस्टिंगमध्ये कोणीतरी बघेलच, असं वाटतं.

माझ्या बाबतीत हे सगळं होतं. तिच्या वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेलं मला माहीत होतं. त्या पहाटेनंतर मी तिला रागावले होते, ती रडली होती, आणि ते रागावणं मी कुठेच लिहिलं नव्हतं. मी ज्यांच्याकडे विषय काढला त्या वरिष्ठांनी विचारलं, 'तुमच्याकडे लेखी काय आहे?' काहीच नव्हतं. संस्थेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तो प्रश्न बरोबरच होता. माझी दया तिच्यावर होती आणि नऊ नंबरच्या आजींचा त्या दयेत वाटा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. आजी वाचल्या. त्यांचा ताप आणि नाडी सकाळी सापडली, एवढंच.

याची दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगायला हवी. 'ही मुलगी या कामाची नाही' हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारलं जातं, आणि चुकीच्या मुलींबद्दल उच्चारलं जातं.

सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी तिच्या शेऱ्यांत 'संवाद कमी', 'आत्मविश्वास नाही' असं तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेलं. इंग्रजी अडखळत, प्रमाण मराठीही थोडी चाचपडत. एकदा पेठकडून आलेली बाळंतीण काही केल्या बोलेना, पोट दुखतंय की नाही तेही सांगेना. ही मुलगी जवळ जाऊन बसली, कोकणीत, म्हणजे आपल्याकडच्या कोकणा लोकांच्या बोलीत, हळू आवाजात काहीतरी म्हणाली. पाच मिनिटांत सगळं कळलं: रक्तस्राव रात्रीपासून वाढलेला होता आणि बाई लाजेने कपडा लपवत होती. 'संवाद कमी' हा शेरा आम्ही कोणत्या भाषेत मोजला होता?

बुजरेपणा, बोली, गावाकडचं वळण, शिक्षकांना उलट प्रश्न विचारण्याची सवय, यातली एकही गोष्ट अपात्रता नव्हे. परीक्षकाला आवडणं आणि रुग्णाला उपयोगी पडणं यांत अंतर असतं. म्हणून शेरा लिहिताना विशेषणं लिहू नयेत, घटना लिहावी. 'बेजबाबदार' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला माझं मत कळतं. 'अमुक तारखेला अठरा रुग्णांचा टीपीआर न मोजता लिहिला, नऊ नंबरची प्रत्यक्ष नाडी ११२' असं लिहिलं तर काय घडलं ते कळतं, आणि त्या मुलीला उत्तर देता येतं.

आजार आणि अपंगत्वाबद्दल तर आपले समज फारच जुने आहेत. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे स्पष्ट बोललंय. बोलण्याचं आणि भाषेचं अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याचा वैद्यकीय प्रवेश अपंगत्वाच्या टक्केवारीवर अडला होता. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या त्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालय म्हणालं की नुसत्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. हे अपंगत्व अभ्यासक्रम पुरा करण्याच्या आड येतं का, ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने प्रत्यक्ष तपासावं आणि कारणं लिहावीत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठीची 'दोन्ही हात शाबूत हवेत' ही अटही न्यायालयाने चुकीची ठरवली. म्हणजे इथेही तोच प्रश्न: माणसाकडे काय नाही, यापेक्षा तो काय करू शकतो आणि त्यासाठी कोणती सोय लागेल.

मनाच्या आजारांचंही तसंच. नैराश्यावर औषध घेणारी मुलगी अपात्र ठरत नाही. ती आजार ओळखून उपचार घेतेय, गरज पडली तर 'आज मला रात्रपाळी झेपणार नाही' म्हणतेय, हे माझ्या लेखी लायकीचंच लक्षण आहे. काळजी करावी ती आजार लपवून, झोप नसताना, हात थरथरत असताना औषधं भरत राहणाऱ्या माणसाची. पण तो लपवतो का? कारण ज्यांच्याकडे मन मोकळं करायचं त्याच मॅडम उद्या लॉगबुकावर सही करणार असतात. म्हणून आधार देणारी व्यक्ती आणि निर्णय देणारी व्यक्ती वेगळी असावी. कॉलेज लहान आहे, माणसं कमी आहेत, हे कारण मी अनेकदा ऐकलंय आणि स्वतःही दिलंय. तरी एवढी एक वाटणी करता येते.

शंका गंभीर असेल तर पुढे काय, याची नीट घडी ब्रिटनमध्ये बसलेली आहे. तिथे डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद वैद्यकीय कॉलेजांना त्यासाठी लेखी मार्गदर्शन देते. पदवीबरोबर कॉलेजला एक प्रकारे ग्वाहीच द्यावी लागते की हा माणूस व्यवसाय करायला लायक आहे. बारीकसारीक शंका नोंदवून विद्यार्थ्याशी बोलून सोडवायच्या. वारंवार घडलं किंवा एकदाच पण गंभीर घडलं तर चौकशी करायची. चौकशी करणारा वेगळा, निर्णय देणारी समिती वेगळी. विद्यार्थ्याला आरोप लेखी मिळतो, सोबत कोणाला तरी आणता येतं, बाजू मांडता येते, निर्णयावर अपील करता येतं. आणि निर्णय म्हणजे हकालपट्टीच नव्हे: काही न करणं, लेखी समज, अटींवर शिक्षण चालू ठेवणं, काही काळ थांबवणं, आणि सगळ्यात शेवटी काढून टाकणं. समितीने विचारायचा प्रश्न 'याला शिक्षा काय?' हा नसतो. 'रुग्ण सुरक्षित राहतील का, आणि हा विद्यार्थी सुधारू शकेल का?' हा असतो.

नोटीस देणं, ऐकून घेणं, निःपक्ष माणसाने ठरवणं हा नैसर्गिक न्याय आपल्या कायद्यालाही नवा नाही. कमी पडतो तो त्याच्या आधीचा भाग: पहिल्या वर्षापासूनच्या छोट्या, तारखेच्या, खऱ्या नोंदी. त्या नसतील तर समितीसमोर दोनच रस्ते उरतात, सोडून देणं किंवा अन्याय करणं.

मुलगी किंवा मुलगा अशा अभ्यासक्रमाला असेल तर पालकांनी गुणपत्रिकेबरोबर एक गोष्ट जरूर विचारावी: 'या महिन्यात तुझं काम उभं राहून कोणी बघितलं का? काय म्हणाले?' उत्तर 'कोणी नाही' असं वारंवार यायला लागलं तर कॉलेजला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि मुलांनो, प्रतिकूल शेरा मिळाला तर तो घटनेसकट लेखी मागा. घाबरू नका. लेखी शेऱ्यात तुमचंही संरक्षण आहे.

त्या सहीनंतर सहासात वर्षांनी पुन्हा तसाच चार्ट माझ्या हाती आला. वेगळी मुलगी, वेगळा वॉर्ड, तेच ७८ आणि ८०. या वेळी मी आधी लिहिलं, तारीख-वेळ टाकून, चार ओळी. मग तिला शेजारी बसवलं आणि रागावण्याऐवजी विचारलं, 'अगं, काय झालं?' ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'मॅडम, बत्तीस पेशंट होते आणि मी एकटी. सहाच्या आत चार्ट पूर्ण नसला की सिस्टर ओरडतात.' बत्तीस पेशंटना प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी तासाच्या वर वेळ लागतो. पाचला सुरुवात केली तर सहाला संपत नाही, हे गणित आम्हा कोणीच केलं नव्हतं. तिची चूक चूकच होती, तिच्या नोंदीत ती राहिली. इनचार्ज सिस्टरशी बोलून आम्ही टीपीआर साडेचारला सुरू करायचं ठरवलं आणि आधी गंभीर पेशंट घ्यायचे. पुढचे सहा आठवडे तिची ड्यूटी देखरेखीखाली झाली. तीन वेगवेगळ्या जणींनी तिला पाहून लिहिलं.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे मी न सांगता वॉर्डात गेले. चार्ट बघितले. ८८, ७२, ९६, १०४, त्याच्यापुढे लाल पेनने 'डॉक्टरांना कळवलं, ५:१०'. सात नंबरच्या काकांचा रकाना रिकामा होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'काका बाथरूमला गेलेत. मोजलं नाही. ५:४० ला पुन्हा बघते.'

मी घड्याळ बघितलं. ५:३८ झाले होते, आणि ती सात नंबरच्या खाटेकडे निघाली होती.